पाच हलकी काडतुसं

डीअर फोर्क, मोंटाना
१२ जानेवारी २०१४

डार्लीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडशील, असं धरूनच लिहितोय. भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून तू माझं नाव काढलंस, ते मला तुरुंगाच्या फाटकावरच्या बाईकडून कळलं. दिवसभर बर्फातून गाडी हाणत गेलो होतो. ती म्हणाली, "आजोबा, तुमचं नाव नाही इथं." मी म्हटलं, "आजोबा नाही, बाप आहे मी." ती म्हणाली, "तरीपण नाही." चूक तिची नाही. परत येताना मात्र मी तिला वाटभर शिव्या दिल्या.

कशी आहेस, काय खातेस, असलं काही विचारत नाही. विचारायचा हक्क मला राहिलेला नाही, एवढं कळतं मला.

पत्राचं निमित्त तुझी नवी वकील, मिस प्रूइट. गेल्या मंगळवारी घरी आली. बाई चिमणीएवढी, पण प्रश्न विचारायला लागली की लाकडात गिरमिट फिरवल्यासारखं वाटतं. म्हणाली, "मिस्टर हॉगन, पहिल्या खटल्यात तुमचं कुणी ऐकलंच नाही. मला नवा खटला मागायचाय. सगळं पहिल्यापासून लिहून द्या." मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं मी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली. लिहिणं हे माझं काम नव्हे." तर म्हणाली, "मग मुलीला पत्र लिहिताय असं समजा." म्हणून तुझ्या डोक्याला हा ताप.

तुला माहीत आहे तेही लिहितो. कुठं चुकलो तर तुला तरी कळेल.

२०११ चा ऑक्टोबर. तुझ्या नवऱ्यानं, क्लेटननं, तुझ्या घराच्या आसपासही फिरकू नये असा न्यायाधीशाचा हुकूम होता, आणि तो हुकूम खिशात घालून क्लेटन रोज तुझ्या अंगणात गाडी लावून बसायचा. तू माझ्याकडे आईचं रिव्हॉल्व्हर मागितलंस. पाच खणांचं, छोटं. मी दिलं. म्हटलं, काडतुसं मी भरून देतो. तू मान हलवलीस आणि थेट व्होंडाच्या दुकानात जाऊन पन्नासचा डबा विकत आणलास. आईचं रिव्हॉल्व्हर चाललं, बापाची काडतुसं चालली नाहीत. अख्ख्या तालुक्यातले लोक हरणाच्या मोसमाआधी माझ्या हातानं भरलेल्या काडतुसांसाठी तळघरात रांग लावायचे, आणि माझी स्वतःची पोरगी कुण्या यंत्रानं भरलेलं काडतूस विकत घेते! फार लागलं मला ते. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो.

तू म्हणालीस, "बाबा, व्होंडा म्हणते, हरणाला घरचं चालतं, माणसासाठी दुकानातलंच ठेव. चाप ओढला म्हणजे भानगड मिटत नाही, नंतर कोर्टात जावं लागतं."

मी म्हटलं, "व्होंडा दुकानदार आहे. ती दुसरं काय सांगणार?"

उरलेलं पुढच्या पत्रात लिहितो. हात भरून आलाय.

तुझा बाप,
ऑर्विल


२ फेब्रुवारी

डार्लीन,

तुझं उत्तर नाही, पण पाकीटही परत आलं नाही. तेवढ्यावर खूश आहे.

आपण खडीच्या खाणीत सरावाला गेलो होतो. दुकानातलं पहिलंच काडतूस झाडलंस आणि रिव्हॉल्व्हर हातातून उडून खडीत पडलं. तू मनगट पोटाशी धरून खाली बसलीस. त्या मनगटात क्लेटनच्या कृपेनं पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू. तोंड पांढरं पडलं होतं तरी म्हणालीस, "होईल सवय." मी म्हटलं, "सवय व्हायला तो तुला सवड देणार आहे का?" तू ऐकलं नाहीस. हट्ट कुठून घेतलास ते विचारायला नको.

मग मी जे केलं ते तुला कोर्टात कळलं, आणि तेही वकिलाच्या तोंडून. आता माझ्याकडून ऐक. शनिवारी तुझ्या डब्यातली पाच काडतुसं मी खिशात टाकून घरी आणली. तळघरात बसून पाचही गोळ्या उपसल्या. आतली कंपनीची दारू काढली आणि नेहमीसारखी तुझ्या आईच्या गुलाबांना घातली. बंदुकीच्या दारूसारखं खत नाही असं ती म्हणायची. मग माझ्या डब्यातली दारू, पण निम्मीच, तराजूवर तोलून भरली आणि गोळ्या परत बसवल्या. कड अशी दाबली की बनवणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. रविवारी तू चर्चला गेलीस तेव्हा ती पाच रिव्हॉल्व्हरमध्ये घातली आणि रिव्हॉल्व्हरमधली पाच डब्यात. पितळ कंपनीचं, गोळी कंपनीची, आतला दम तेवढा माझा. हात दुखणार नाही, नेम हलणार नाही, आणि पोरीला पत्ताही लागणार नाही. त्या दिवशी मी स्वतःवर भलता खूश होतो. संध्याकाळी ॲपल पायही भाजला.

चार आठवड्यांनी क्लेटन मागच्या दारानं तुझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि तू पाचही झाडलीस.

शेरीफचा माणूस माझ्याकडे आला. "काडतुसं कुणाची होती?" मी म्हटलं, "दुकानातली. डबा तिच्या फडताळात आहे." जीभ अशी वळली कशी, ते अजून कळत नाही मला. खरं तर कळतं. घाबरलो होतो. जमिनीवर माणूस मरून पडला होता आणि त्याच्या छातीत माझ्या हातची गोळी होती. मला वाटलं, आता मलाही उचलतील. आणि वाटलं, काय फरक पडतो? गोळी ती गोळी.

फरक काय पडतो ते दहा महिन्यांनी कोर्टात कळलं. प्रयोगशाळेचा माणूस शर्ट उघडून दाखवत होता. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून न जळलेल्या दारूचे कण उडतात. माणूस जवळ असेल तर कपड्यावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके पडतात, लांब असेल तर काही नाही. त्यांनी तुझ्या डब्यातली काडतुसं घेऊन अडीच फुटांवरून झाडली, तर कापड ठिपक्यांनी भरून गेलं. क्लेटनचा शर्ट स्वच्छ. म्हणजे म्हणे तो पाच फुटांच्याही पलीकडे उभा होता. आणि तू शपथेवर सांगत होतीस की त्याचा हात तुझ्या गळ्यापाशी आला होता.

निम्म्या दारूचे ठिपके निम्मे लांबही उडत नाहीत, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. मी मधल्या सुट्टीत तुझ्या वकिलाला गाठलं. तो न्यायाधीशाशी बोलला. न्यायाधीश म्हणाला, दहा महिन्यांनी बापाला आठवलं होय? पुरावा काय, तर बापाचा शब्द! ज्यूरीपर्यंत ते पोचलंच नाही. पंचवीस वर्षं.

बाहेरच्या व्हरांड्यात तू बेड्या घालून उभी होतीस. मला एवढंच म्हणालीस, "मला विचारलंत तरी का?" त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

ऑर्विल


९ मार्च

डार्लीन,

काल तुझ्या घरी गेलो. पाण्याचे नळ फुटलेत की काय ते बघायला, असं मी शेजारणीला सांगितलं. खरं तर टेप घेऊन गेलो होतो.

चुलीपासून मागच्या दारापर्यंत सात फूट दोन इंच. तू चुलीला पाठ लावून उभी होतीस असं सांगितलंस. हात लांब केलेला, त्यात रिव्हॉल्व्हर. तो जिथं पडला तिथली फरशी मी तेव्हाच बदलली होती, पण नवी फरशी जुनीपेक्षा उजळ आहे, त्यामुळे जागा चुकत नाही. मी तुझ्या जागी उभा राहिलो. मग त्याच्या जागी. मग परत तुझ्या. सत्तरीचा म्हातारा रिकाम्या स्वयंपाकघरात हात पुढे करून उभा, कुणी खिडकीतून बघितलं असतं तर थेट वेड्यांच्या इस्पितळात.

एक गोष्ट लिहू का? राग येऊ देऊ नकोस. मला क्लेटन आवडायचा. पहिली तीन वर्षं तरी. मला मुलगा नव्हता. त्याला मीच हरणाची शिकार शिकवली, त्याच्यासाठी मी वेगळी काडतुसं भरायचो. तो तळघरात येऊन तासन्‌तास बसायचा. "ऑर्विल, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही," म्हणायचा. त्या गोड बोलण्यानं मी आंधळा झालो. तुझं मनगट मोडलं तेव्हा तू सांगितलंस, पायरीवरून घसरले. मी मानलं. तुझी आई असती तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं.

आता तो मला दिसतो. भूतबीत नव्हे, मी त्यातला नाही. पण चहाचं आधण ठेवलं, करवत हातात घेतली, की मध्येच दिसतो. तुझ्या दारातून झेपावत येतो, हात पुढे काढून, आणि मी मनात म्हणतो, हाण पोरी. रोज म्हणतो. त्याच्यावर माझा जीव होता आणि रोज मी त्याला मारायला सांगतो.

घराचे नळ ठीक आहेत.

ऑर्विल


२० एप्रिल, ईस्टर

डार्लीन,

प्रूइटनं फोन केला होता. सरकारी वकिलानं एका गोष्टीला होकार दिलाय. तेच रिव्हॉल्व्हर, तीच कंपनी, माझ्या डब्यातली तीच दारू. मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तशीच पाच काडतुसं पुन्हा भरायची आणि प्रयोगशाळेनं ती अडीच फुटांवरून झाडायची. कापड स्वच्छ निघालं तर तू खरं बोललीस असं ठरेल. तिला वहीबद्दल सांगितलं मी. १९७१ पासून भरलेल्या एकूण एक काडतुसाची नोंद आहे, पेन्सिलनं. ती खुर्चीतून उठल्यासारखी वाटली फोनवर. "तुमच्या त्या पाच काडतुसांचीही?" मी म्हटलं, "त्यांचीही."

मी आधी स्वतः खाणीत जाऊन करून बघितलं. तसलंच एक रिव्हॉल्व्हर उसनं आणलं, जुन्या चादरीचे तुकडे लावले. वारा होता, नीट काही दिसलं नाही. पुन्हा कधीतरी बघीन.

डुकराची मांडी भाजली होती. एकट्याला जास्त होते. शेजारणीला दिली.

ऑर्विल


११ मे

डार्लीन,

आज दोन वर्षांनी व्होंडाच्या दुकानात पाय ठेवला. नाइलाज होता, त्या कंपनीची काडतुसं जवळपास फक्त तिच्याकडेच मिळतात. मला बघून ती गल्ल्यामागून म्हणाली, "अगंबाई! साक्षात ऑर्विल हॉगन! छप्पर पडेल माझं."

मी म्हटलं, "छप्पर पडायला आधी ते नीट बांधलेलं असावं लागतं. त्याच कंपनीचा डबा दे."

तिनं डबा काढला, पण हातातून सोडला नाही. "डार्लीन कशी आहे?"

"तुला ठाऊक. तुला ती पत्र लिहिते म्हणे."

"लिहिते."

"माझं काही असतं त्यात?"

"नसतं." व्होंडा तोंडावर खोटं बोलत नाही, हा तिचा जुनाच दुर्गुण.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझंच खरं झालं बरं का. घाल हार गळ्यात. घरचं काडतूस, घरचा सत्यानाश."

ती रागावली नाही. म्हणाली, "ऑर्विल, तुझी काडतुसं वाईट आहेत असं मी कधी म्हटलं? माझ्या नवऱ्यानं जन्मभर तुझीच वापरली. मी एवढंच म्हटलं होतं की कारखान्याच्या डब्यावर नंबर असतो. उद्या कुणी विचारलं तर कारखाना सांगतो, यात एवढी दारू होती. कारखान्याला तुझी पोर सुटली काय, अडकली काय, सारखंच. तुझ्या काडतुसाबद्दल सांगणार कोण? तूच. आणि तू तर तिचा बाप!"

मी डबा घेऊन निघालो. मागून म्हणाली, "तिला आता तू सोडून कुणी नाही रे. नीट कर या वेळी."

आल्यापासून हेच डोक्यात आहे. तुझा वाढदिवस गुरुवारी आहे हे विसरलेलो नाही.

ऑर्विल


८ जून
(हे टपालात टाकणार नाही. तुमची पत्रं आधी तिथले लोक वाचतात.)

डार्लीन,

ईस्टरच्या दिवशी मी तुला थाप मारली. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. सगळं लख्ख दिसलं.

आता वहीचं सांगतो. चाळीस वर्षांच्या नोंदींत दारूचं वजन लिहिलेलं नाही अशी एकच ओळ आहे. 'डार्लीनसाठी. पाच. हलकं.' बस्स. आकडा नाही! चोरून करत होतो म्हण, घाई होती म्हण, आपल्यालाच तर वाचायचंय असं वाटलं म्हण. दुसऱ्या कुणी अशी नोंद केली असती तर मी त्याला तळघराच्या पायऱ्यांवरून खाली ढकललं असतं. प्रूइटला हे मी सांगितलेलं नाही. गेल्या गुरुवारी ती वही न्यायला आली तेव्हाही नाही.

माझं हलकं म्हणजे पावणेतीन ग्रेन. कायम. ग्रेन म्हणजे किती, तर पावणेतीन ग्रेन चिमटीतून सांडून जाईल एवढंसं. दुकानाच्या काडतुसात पाच असते. ईस्टरला मी पावणेतीनची पाच भरली आणि अडीच फुटांवरून चादरीवर झाडली. ठिपके पडले, डार्लीन. फार नाही. पहिल्यात अकरा. दुसऱ्यात नऊ. पण होते. चष्मा पुसून मोजले.

मग एकेक पाऊल मागे सरकत झाडली. चार फुटांवर ठिपके गेले.

मी खडीवर बसून राहिलो. मग घरी जाऊन कमी कमी करत भरत गेलो. सव्वादोन ग्रेनवर अडीच फुटांवरूनही कापड स्वच्छ राहिलं. सव्वादोन! एवढ्या कमीनं गोळी नळीतच अडकून बसायची भीती असते. ज्या काडतुसावर पोरीचा जीव अवलंबून आहे त्यात मी सव्वादोन भरीन? जागेपणी तरी नाही.

पण डाव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता. जानेवारीत काढला. तराजूचा काटा अर्धवट दिसायचा. एक खाच इकडची तिकडे झाली असेल. असेलही. मी रोज स्वतःला म्हणतो, झालीच असेल. आणि मग म्हणतो, ऑर्विल, तुझी खाच चाळीस वर्षांत कधी चुकली होती का?

म्हणजे दोनातलं एक. माझा हात चुकला, नाहीतर तू खोटं बोललीस.

तो दारातच उभा होता का? हात खाली सोडून? नुसता उभा?

आणि समज असला तरी. दोन वर्षं त्यानं तुझे जे हाल केले, त्यानंतर तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला असता तर मी फूटपट्टी काढली असती का? पण कायद्याला फूटपट्टी लागते. पाच फुटांवरच्या माणसाला मारलं तर पंचवीस वर्षं, अडीच फुटांवरच्याला मारलं तर घरी. तुझी अजून बावीस उरलीत. बाहेर येशील तेव्हा त्रेसष्टची असशील आणि मी कधीच मातीत गेलेला असेन.

गुरुवारी सकाळी, प्रूइट यायच्या आधी, मी बाकाशी बसलो. सुताराची चपटी पेन्सिल, मी जन्मभर तीच वापरतो, आणि शिशाचं अक्षर जुनं की नवं ते कुणाला सांगता येत नाही. 'हलकं' या शब्दापुढे जागा होती. तिथं लिहिलं, सव्वादोन. बोटानं थोडं फिकं केलं.

शपथेवर खोटं बोलण्यापेक्षा मला ते पान खोटं करण्याचं जास्त वाईट वाटलं, हे कुणाला सांगू? तुलाच सांगतो.


१७ ऑगस्ट
(हेही नाही.)

डार्लीन,

झालं.

प्रयोगशाळेत सहा माणसं, एक कॅमेरा आणि मी. माझा काडतुसं भरायचा प्रेस, माझा तराजू, माझा दारूचा डबा त्यांनी टेबलावर मांडून ठेवला होता, मेलेल्या माणसाचं सामान मांडतात तसा. एक बाई वही बघत होती. तिनं विचारलं, "मिस्टर हॉगन, सव्वादोन? हे फारच कमी नाही का?"

मी म्हटलं, "मनगटात सहा स्क्रू असलेल्या बाईसाठी नाही."

"नळीत गोळी अडकली असती तर?"

"माझ्या हातची अडकत नाही," मी म्हटलं. सगळे थोडे हसले. तो आढ्यताखोर म्हातारा त्यांना पटला. मी आहेच तसा, त्यासाठी नाटक करावं लागलं नाही.

पाच काडतुसं भरली. पहिलं झाडलं, कापड काचेखाली धरलं, ती बाई म्हणाली, "काही नाही." दुसरं. "काही नाही." पाचव्यापर्यंत प्रूइटनं माझा दंड घट्ट धरला होता. सरकारी वकील आपले कागद गोळा करत होता. जाता जाता माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "चाळीस वर्षं नोंदी ठेवल्यात, कमाल आहे." मी थँक यू म्हटलं.

बाहेर येऊन गाडीत बसलो. रडलो, लपवत कशाला बसू. तू सुटणार म्हणून रडलो. तेवढंच असतं तर किती बरं झालं असतं.

क्लेटन अजून दिसतो, पण आता वेगळा. पूर्वी झेपावत यायचा. त्या दिवसापासून नुसता दारात उभा असतो. हात खाली. टोपी घातलेली. काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि माझ्याकडे बघतो. मी 'हाण' म्हणत नाही आता.

तळघराचं दार मी बंद करून टाकलंय. प्रेस परत आला तो अजून खोक्यातच आहे. हरणाचा मोसम आला की लोक विचारतील. सांगीन, डोळे गेले.


५ ऑक्टोबर

डार्लीन,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांतलं पहिलं. टपालवाल्यानं हातात दिलं आणि मी त्याच्यासमोरच फोडलं, तो बिचारा अवघडून निघून गेला.

न्यायाधीशानं नवा खटला मंजूर केला, सरकारी वकिलानं तो चालवायचं सोडून दिलं, हे प्रूइटनं सोमवारीच सांगितलं होतं. पण तुझ्या अक्षरात वाचणं वेगळं. 'शुक्रवारी सकाळी नऊला सोडतायत. मला न्यायला याल का?' डार्लीन, याल का असं विचारतेस? गुरुवारीच येऊन फाटकाशी गाडी लावीन. ती बाई काय म्हणायचं ते म्हणू दे.

घर झाडून ठेवलंय. तुझ्या नाही, माझ्या. तुझ्या त्या स्वयंपाकघरात तुला एकटीला मी जाऊ देणार नाही. व्होंडा जेवायला कॅसरोल भाजून आणणार आहे, मी नको म्हटलं तरी. तिच्याशी मी आता बरा वागतो.

एवढं मी पाठवणार आहे, दुसऱ्या कागदावर नीट उतरवून. पुढचं पाठवणार नाही.

तू लिहिलंस, 'प्रूइटनं मला वहीचं पान दाखवलं. तुम्ही शेवटी खरं बोललात, बाबा. स्वतःकडे दोष घेऊन बोललात. मला फक्त तेवढंच हवं होतं.' मी ते चार वेळा वाचलं. मग पत्र टेबलावर ठेवून अंगणात गेलो, गुलाबांच्या वाळक्या फांद्या छाटल्या, परत येऊन पाचव्यांदा वाचलं. तुला मी पुन्हा बाप वाटायला लागलो, आणि तो कशानं, तर त्या एका आकड्यानं. तो पुसायची माझी ताकद नाही. उद्या देवानं समोर उभं केलं तरी मी सव्वादोनच सांगीन.

पण तुझ्या पत्राच्या शेवटची ओळ आहे ना, तिनं माझी झोप उडालीय. 'त्या दिवशी नक्की काय झालं ते मी कुणालाच धड सांगितलेलं नाही. गाडीत तुम्हाला सगळं सांगेन.'

पोरी, चार तासांचा रस्ता आहे. तुरुंगाचं सांग, तिथल्या बायांचं सांग, मला शिव्या दे, सगळ्या माझ्याच आहेत. रड, झोप, गा. मी गाडी चालवीन आणि ऐकत राहीन. फक्त तो किती लांब उभा होता, ते मला कधी सांगू नकोस.

बाबा